आपल्या गावचे पोलीस ‘आइस’ला किती मदत करतात? कागद मागवून तपासण्याची पद्धत

आपल्या टाउनशिपचे पोलीस ‘आइस’ला, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन अँड कस्टम्स एन्फोर्समेंटला, मदत करतात का? व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर विचारलंत तर वीस उत्तरं येतील आणि त्यातलं एकही पडताळून पाहता येणार नाही. हाच प्रश्न नीट बांधलेल्या लेखी अर्जाने टाउनशिपच्या क्लार्ककडे नेलात, तर न्यू जर्सीच्या कायद्याप्रमाणे सात कामकाजाच्या दिवसांत लेखी उत्तर द्यावंच लागतं. अफवेने माणसं घाबरतात. मुलांना शाळेत सोडायला जाणं टाळतात, चोरी झाली तरी पोलिसांना फोन करत नाहीत. म्हणून हा खटाटोप मला मोलाचा वाटतो.

मी न्यू जर्सीत राहते, त्यामुळे इथलीच पद्धत सविस्तर सांगते. एडिसन, इझेलिन, जर्सी सिटी, प्लेन्सबरो या पट्ट्यात आपली माणसंही भरपूर आहेत. बाकी राज्यांत कायद्याचं नाव आणि मुदत बदलते, अर्ज बांधायची रीत मात्र बरीचशी हीच राहते. त्यांच्याबद्दल पुढे थोडं लिहिलं आहे.

अर्ज कोण करू शकतं

भारतातल्या माहितीच्या अधिकाराची सवय असलेल्यांना पहिली शंका हीच येते, कारण २००५ च्या कायद्याचं कलम ३ तो हक्क फक्त नागरिकांना देतं. न्यू जर्सीचा ओपन पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्ट, बोलीभाषेत ‘ओप्रा’, २००२ पासून लागू आहे. त्याच्या मजकुरात ‘राज्याचे नागरिक’ असे शब्द असले तरी राज्याबाहेरचा माणूसही अर्ज करू शकतो, असं इथल्या अपील न्यायालयाने २०१८ साली ठरवलं. एच-वन-बी असो, ग्रीन कार्ड असो की विद्यार्थी व्हिसा, अर्जात तो कोणी विचारत नाही आणि तुम्हीही सांगायचा नाही. केंद्र सरकारचा १९६६ चा फ्रीडम ऑफ इन्फर्मेशन ॲक्ट तर ‘कोणतीही व्यक्ती’ असंच म्हणतो.

एक गोष्ट मात्र आधीच लक्षात घ्या: तुमचा अर्ज हाही सरकारी कागदच. उद्या दुसरा कोणी ओप्राखाली तो मागवू शकतो. घरात कोणाचं स्टेटस अडचणीत असेल, केस चालू असेल, तर त्यांच्या नावाने किंवा त्यांच्या ईमेलवरून अर्ज करू नका. नागरिक असलेला मित्र, एखादी संस्था किंवा वकील यांच्यामार्फत करा. निनावी अर्जही चालतो, पण नकार आल्यावर दाद मागायची तर नाव पुढे करावं लागतं. अर्जात कोणा ओळखीच्या माणसाचं नाव किंवा त्याचा ‘ए’ क्रमांक (इमिग्रेशन खात्याने दिलेला फाइल क्रमांक) टाकायचा नाही. कोणाला स्वतःची इमिग्रेशनची फाइल हवी असेल तर तो वेगळा मार्ग आहे, आणि त्यावर वकिलाशी बोलूनच चालावं.

अर्जाआधी नियम वाचा

कोणता कागद असायला हवा हे माहीत नसेल तर तो मागता येत नाही. म्हणून पहिला अर्ध दिवस वाचनाला द्या.

न्यू जर्सीत या विषयाचा मुख्य दस्त म्हणजे ‘इमिग्रंट ट्रस्ट डायरेक्टिव्ह’, ॲटर्नी जनरलचा, म्हणजे राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याचा, आदेश क्रमांक २०१८-६. तेव्हाचे ॲटर्नी जनरल गुरबीर ग्रेवाल यांनी तो २९ नोव्हेंबर २०१८ रोजी काढला आणि १५ मार्च २०१९ पासून तो लागू झाला. ओशन आणि केप मे काउंटींनी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) त्याला आव्हान दिलं, पण २०२१ मध्ये थर्ड सर्किट या केंद्राच्या अपील न्यायालयात तो टिकला. आदेशाचा गाभा असा: केवळ इमिग्रेशन स्टेटसच्या संशयावरून पोलिसांनी कोणाला थांबवायचं नाही, पकडायचं नाही. आइसच्या दिवाणी स्वरूपाच्या कारवाईत सहभागी व्हायचं नाही. कोठडीतल्या माणसाची मुलाखत आइसला हवी असेल तर त्या माणसाची लेखी संमती लागते. आणि आइसने ‘याला सोडू नका’ म्हटलं तरी गंभीर किंवा हिंसक गुन्ह्यासारखे ठरावीक अपवाद सोडून थांबवून ठेवायचं नाही. अपवादातही सुटकेच्या दिवशी रात्री ११:५९ पर्यंतच.

या आदेशाची आपल्याला कामाची बाजू पुढेच आहे. त्यामुळे कागद तयार होतात. आइसने मुलाखत, सुटकेची खबर किंवा जास्त काळ कोठडी मागितली तर ते त्या माणसाला लेखी कळवावं लागतं. आइसला कधी आणि काय मदत केली याचा अहवाल प्रत्येक पोलीस खात्याला दरवर्षी ॲटर्नी जनरलकडे पाठवावा लागतो. म्हणजे मागण्यासारखे निदान दोन ठोस कागद इथेच हाताशी आले. असे नियम राजकारणाप्रमाणे बदलतात, तेव्हा अर्ज लिहायच्या दिवशी ॲटर्नी जनरलच्या संकेतस्थळावरची ताजी प्रत उघडा आणि तिच्यातल्या कलमांचे आकडे अर्जात वापरा.

दुसरी गोष्ट ‘२८७(जी)’. इमिग्रेशन कायद्याला १९९६ साली जोडलेलं हे कलम स्थानिक पोलिसांना करारान्वये काही इमिग्रेशन अधिकार देतं. त्याचे प्रकार वेगवेगळे. एक तुरुंगापुरता, एक फक्त आइसची वॉरंटं बजावण्यापुरता, आणि एक रस्त्यावरच्या गस्तीत वापरायचा. हा शेवटचा ‘टास्क फोर्स’ प्रकार २०१२ मध्ये बंद केला होता, २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाला. करार केलेल्या खात्यांची यादी आइस स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवतं, तेव्हा ती बघायला अर्जाची गरज नाही. न्यू जर्सीत मॉनमथ आणि केप मे काउंटींचे असे करार होते. सप्टेंबर २०१९ मध्ये ट्रस्ट डायरेक्टिव्हमध्ये बदल करून असे करार करायला मनाई झाली.

तिसरी गोष्ट बोटांच्या ठशांची, आणि इथे लोकांची फार गल्लत होते. अटक झाल्यावर घेतलेले ठसे एफबीआयकडे जातात आणि तिथून होमलँड सिक्युरिटीला, म्हणजे आइस ज्याच्या हाताखाली येतं त्या खात्याला, आपोआप मिळतात. ‘सिक्युअर कम्युनिटीज’ नावाने ही व्यवस्था २००८ मध्ये सुरू झाली. तेव्हा ‘आम्ही आइसला काहीच कळवलं नाही’ हे पोलिसांचं म्हणणं शंभर टक्के खरं असूनही आइसचा कागद तुरुंगात येऊन पोहोचतो. आपल्याला शोधायचं आहे ते त्यानंतर काय झालं ते.

अर्ज कुठे टाकायचा

टाउनशिपच्या पोलिसांच्या नोंदींसाठी म्युनिसिपल क्लार्क. काही ठिकाणी पोलिसांचा स्वतंत्र रेकॉर्ड्स विभाग अर्ज घेतो, टाउनशिपच्या संकेतस्थळावर ओप्राच्या पानावर ते लिहिलेलं असतं. तुरुंगाच्या नोंदी काउंटीकडे. काही काउंटींत तुरुंग शेरिफच्या हाताखाली आहे, काहींत काउंटीच्या कारागृह खात्याकडे. वार्षिक अहवालांसाठी ॲटर्नी जनरलचं खातं.

चुकीच्या दारावर गेलात तर ‘अशा नोंदी आमच्याकडे नाहीत’ असं खरं पण निरुपयोगी उत्तर येतं. अटकेतला माणूस शेवटी काउंटीच्या तुरुंगात जातो, म्हणून आइसच्या ‘सोडू नका’ पत्रांचा शोध काउंटीत घ्यावा. रस्त्यावरची संयुक्त कारवाई, वाहतूक पोलिसांनी केलेले फोन, नंबरप्लेट टिपणारे कॅमेरे हे सगळं टाउनशिपकडे. दोन्हीकडे एकाच दिवशी वेगवेगळे अर्ज टाका म्हणजे तारखा जुळवून बघता येतात.

काय मागायचं

इथे जास्त वेळ द्या. माहिती अधिकारात ‘का केलं’ विचारलं की उत्तर येत नाही, हे तिकडे अर्ज केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. इथेही तसंच. ‘तुम्ही आइसला सहकार्य करता का?’ हा प्रश्न झाला, नोंदीची मागणी नव्हे, आणि तो सरळ फेटाळला जातो. न्यू जर्सीच्या न्यायालयाने २००५ मध्येच सांगितलं आहे की ओप्रा म्हणजे सरकारी कर्मचाऱ्याला संशोधनाला बसवण्याचं साधन नव्हे, ओळखता येईल अशी नोंद मागावी लागते.

सगळ्यात बोलका कागद म्हणजे डिटेनर, फॉर्म आय-२४७ए. आइस तो तुरुंगाला पाठवतं. या माणसाची सुटका होणार असेल तेव्हा आधी कळवा आणि सुटकेच्या वेळेनंतर जास्तीत जास्त ४८ तास त्याला ठेवून घ्या, अशी विनंती त्यात असते. विनंतीच. २०१४ मध्ये थर्ड सर्किटने, ज्याच्या अखत्यारीत न्यू जर्सी येतं, डिटेनर पाळणं स्थानिक तुरुंगाला बंधनकारक नाही असं स्पष्ट केलं. ते प्रकरण पेन्सिल्व्हेनियातल्या लीहाय काउंटीचं होतं, आणि जामीन भरूनही ज्याला अडकवून ठेवलं तो माणूस न्यू जर्सीत जन्मलेला अमेरिकन नागरिक होता.

हा फॉर्म हातात आला की वरच्या भागात थांबू नका. वर आइसने टिक केलेल्या चौकटी असतात: हद्दपारीचा अंतिम आदेश आहे, प्रकरण चालू आहे, ठसे जुळले, किंवा त्या माणसाने स्वतः सांगितलं. खरी माहिती खालच्या भागात असते. तो तुरुंगाने भरायचा असतो: कैद्याचा स्थानिक क्रमांक, सुटकेची अपेक्षित तारीख आणि वेळ, शेवटचा आरोप कोणता, आणि फॉर्मची प्रत त्या माणसाला कधी व कशी दिली. हा भाग भरून आइसला परत पाठवला असेल तर तुरुंगाने सुटकेची वेळ कळवली याचा तो लेखी पुरावा. कोरा असेल तर तेही काही सांगतो, फक्त तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नका, कारण फोनवरही कळवलेलं असू शकतं.

डिटेनरसोबत आय-२०० किंवा आय-२०५ ही वॉरंटं जोडलेली असतात. नाव वॉरंट असलं तरी त्यावर सही न्यायाधीशाची नसते, इमिग्रेशन अधिकाऱ्याची असते. ती मागवाच.

बाकीच्या नोंदी अशा.

पोलीस खात्याचे लेखी नियम, जनरल ऑर्डर्स आणि प्रशिक्षणाचं साहित्य, ज्यात इमिग्रेशनचा विषय आहे. हे बहुधा सहज मिळतं आणि पहिल्या अर्जात असलंच पाहिजे.

करार. फक्त २८७(जी) नको. होमलँड सिक्युरिटी इन्व्हेस्टिगेशन्स, म्हणजे आइसचाच गुन्हे तपासणारा विभाग, याच्यासोबतच्या टास्क फोर्सचे समजुतीचे करारही मागा. अमली पदार्थ किंवा मानवी तस्करीसाठी केलेला असा करार कायदेशीर असतो, आणि ट्रस्ट डायरेक्टिव्हही त्याला परवानगी देतो, पण कोणते अधिकारी त्यात आहेत आणि त्यांनी वर्षभरात काय केलं हे कागदावरूनच कळतं. ओप्रात करारनामे, बिलं, व्हाउचर आणि ओव्हरटाइमच्या नोंदी यांना ‘तत्काळ’ द्यायच्या नोंदींचा दर्जा आहे. अलीकडच्या करारासाठी सात दिवस थांबायची गरज पडू नये, हे अर्जात आठवण म्हणून लिहा.

डिस्पॅचच्या नोंदी. पोलिसांची गाडी कुठे, किती वाजता, कशासाठी गेली हे संगणकावर टिपलं जातं, त्याला सीएडी म्हणतात. ‘इतर यंत्रणेला मदत’ अशा प्रकारच्या नोंदी ‘आइस’, ‘इमिग्रेशन’, ‘डिटेनर’ या शब्दांनिशी मागता येतात. एखाद्या ठरावीक दिवशी ठरावीक रस्त्यावर पोलीस होते का, या अफवेचा सोक्षमोक्ष लावायला याच्यासारखा कागद नाही.

नंबरप्लेट कॅमेऱ्यांची शोध-नोंदवही. फ्लॉक सेफ्टीसारख्या कंपन्यांचे कॅमेरे वापरणाऱ्या खात्यांत प्रत्येक शोधाची ओळ उमटते: कोणत्या खात्याने, कधी, किती कॅमेऱ्यांत, कोणत्या कारणासाठी शोधलं. २०२५ मध्ये इलिनॉयमधल्या एका शहराच्या पोलिसांकडून पत्रकारांनी अशीच नोंदवही मिळवली, तेव्हा देशभरातल्या पोलीस खात्यांनी केलेल्या शोधांच्या ‘कारण’ या रकान्यात ‘आइस’ आणि ‘इमिग्रेशन’ असं लिहिलेलं सापडलं. त्या शहराने स्वतः काहीच केलेलं नसताना त्याचे कॅमेरे वापरले गेले होते. म्हणून आपल्या पोलिसांनी केलेले शोध आणि बाहेरच्यांनी आपल्या कॅमेऱ्यांत केलेले शोध, दोन्ही मागा, आणि कोणकोणत्या खात्यांशी माहिती वाटून घेण्याची सोय चालू आहे त्याची यादीही.

ईमेल. २०२४ च्या दुरुस्तीनंतर (ती त्या वर्षी सप्टेंबरमध्ये लागू झाली) ईमेल मागताना कोणाचे, कोणत्या विषयावरचे आणि कोणत्या मर्यादित काळातले हे सांगावंच लागतं. ‘पोलिसांचे आइससोबतचे सगळे ईमेल’ हा अर्ज आता फेटाळला जाणार हे धरून चाला. पोलीसप्रमुख आणि गुन्हे शाखेचा कॅप्टन अशी दोन ईमेल खाती, आइसच्या पत्त्यांचं शेपूट म्हणजे ‘आइस डॉट डीएचएस डॉट गव्ह’, आणि तीन महिने. एवढं पुरे.

पैसा. काउंटीला ‘स्टेट क्रिमिनल एलियन असिस्टन्स प्रोग्रॅम’खाली केंद्राकडून पैसे मिळतात का, आणि त्यासाठी कैद्यांची कोणती माहिती पाठवली, हे विचारायचं लोकांच्या लक्षातच येत नाही. पैशाच्या अर्जावर मात्र तपशील व्यवस्थित भरलेले असतात.

अर्जाचा नमुना

अर्ज इंग्रजीतच द्यावा लागेल. मजकुराचा साचा मराठीत देते, तुमच्या टाउनशिपच्या फॉर्ममध्ये किंवा पोर्टलवर बसवून घ्या.

“ओप्रा कायद्याखाली आणि कॉमन लॉमधील माहितीच्या हक्काखाली मी पुढील नोंदी मागत आहे. काळ: १ जानेवारी २०२५ ते ३० जून २०२५.

१. इमिग्रेशन अंमलबजावणी, डिटेनर किंवा ॲटर्नी जनरल आदेश २०१८-६ यांच्याशी संबंधित, या काळात लागू असलेले पोलीस खात्याचे सर्व लेखी नियम, जनरल ऑर्डर्स आणि प्रशिक्षण साहित्य.

२. आदेश २०१८-६ नुसार दिलेल्या मदतीबाबत खात्याने ॲटर्नी जनरल किंवा काउंटी प्रॉसिक्युटरला पाठवलेला सर्वांत अलीकडचा वार्षिक अहवाल.

३. आइस किंवा होमलँड सिक्युरिटी इन्व्हेस्टिगेशन्स यांच्याशी झालेले, या काळात अमलात असलेले करार आणि समजुतीचे करार.

४. ज्या सीएडी नोंदींच्या वर्णनात किंवा शेऱ्यात ‘आइस’, ‘इमिग्रेशन’ किंवा ‘डिटेनर’ हा शब्द आहे, त्या नोंदी. खासगी व्यक्तींची नावं, पत्ते आणि ओळख पटवणारे तपशील खोडून द्यावेत.

नोंदी इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ईमेलने द्याव्यात. एखादा भाग नाकारल्यास कोणत्या कलमाखाली नाकारला ते प्रत्येक नोंदीपुरतं लिहावं आणि उरलेला भाग द्यावा. एखादी नोंद अस्तित्वात नसेल तर तसं लेखी कळवावं. शुल्क लागणार असेल तर काम सुरू करण्याआधी कळवावं. ही मागणी व्यापारी कारणासाठी नाही.”

नमुन्यातली ‘नावं खोडून द्यावीत’ ही ओळ वगळू नका. खासगीपणाच्या नावाखाली येणारा नकार तिने आधीच अडतो, आणि दुसरं म्हणजे आपल्याला कोणाचं नाव हवंच नसतं. ‘कॉमन लॉ’चा, म्हणजे न्यायालयांच्या निकालांतून घडलेल्या कायद्याचा, उल्लेखही ठेवा. गुन्ह्याच्या तपासाची कागदपत्रं ओप्राखाली सहसा मिळत नाहीत, पण कॉमन लॉखाली न्यायालय जनहित आणि गोपनीयता यांचा तोल बघून निर्णय देऊ शकतं.

चार-पाच मागण्यांपेक्षा जास्त एका अर्जात नकोत. एक किचकट मागणी सगळ्या अर्जाला मागे खेचते. डिटेनर आणि कॅमेऱ्यांसाठी वेगळे अर्ज करा.

जुन्या घटनेच्या मागे असाल तर घाई करा. बॉडी कॅमेऱ्याचं चित्रण न्यू जर्सीत किमान १८० दिवस ठेवावं लागतं, त्यानंतर ते पुसलं जाऊ शकतं. नंबरप्लेटचे फोटो बऱ्याच खात्यांत त्याहून खूप आधी जातात, शोध-नोंदवही जास्त टिकते.

पाठवल्यानंतर

पोच जपून ठेवा. अर्ज मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सात कामकाजाचे दिवस मोजा. त्या मुदतीत काहीच उत्तर आलं नाही तर कायद्याच्या दृष्टीने तो नकारच. मुदतवाढ मागितली तर नवी तारीख लेखी घ्या आणि रास्त असेल तर द्या. टाउनशिपच्या क्लार्ककडे लग्नाच्या दाखल्यांपासून निवडणुकीपर्यंत सगळं असतं, आणि नम्र फोनने पंधरा दिवस वाचतात हा माझा अनुभव आहे. फोनवर ठरलेलं मात्र त्याच दिवशी ईमेलने लिहून पाठवा.

शुल्काची भीती नको. ईमेलने येणाऱ्या नोंदींना साधारणपणे पैसे पडत नाहीत, आणि छापील प्रत पत्राच्या आकाराची असेल तर पानाला ५ सेंट. फार मोठ्या कामासाठी वेगळं शुल्क लावता येतं. आकडा मोठा आला तर काळ अर्धा करा.

नकाराचं पत्र आलं तर त्यातलं कलम बघा. ‘तपास चालू आहे’ हे करार, नियम किंवा वार्षिक अहवाल यांना लागू होत नाही. ‘मागणी अतिव्यापक आहे’ असेल तर वाद घालत बसू नका, खाती आणि तारखा आणखी नेमक्या करून त्याच दिवशी नवा अर्ज टाका.

काउंटीच्या तुरुंगाकडून एक ठरावीक नकार येऊ शकतो: केंद्राचा नियम, आठव्या शीर्षकाचं कलम २३६.६. त्याचा उगम न्यू जर्सीतच आहे. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर पकडलेल्या अनेक परदेशी लोकांना हडसन आणि पसेइक काउंटींच्या तुरुंगांत ठेवलं होतं. अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनच्या राज्यशाखेने त्यांची नावं राज्याच्या कायद्याखाली मागितली. खालच्या न्यायालयाने २००२ मध्ये ती द्या म्हटल्यावर केंद्राने एप्रिलमध्ये घाईने हा नियम काढला: केंद्राच्या वतीने डिटेनी (इमिग्रेशनच्या कारणासाठी स्थानबद्ध केलेली माणसं) ठेवणाऱ्या कोणत्याही तुरुंगाने त्यांची नावं किंवा त्यांच्याविषयीची माहिती उघड करायची नाही. अपील न्यायालयाने मग तो नियम ग्राह्य धरला. पण त्याचे शब्द नीट वाचा. आइससाठी ठेवलेल्या माणसाबद्दल तो आहे. राज्याच्या गुन्ह्यासाठी कोठडीत असलेल्या माणसावर नुसता डिटेनर आला, तर तो अजून आइसचा डिटेनी झालेला नाही, असा युक्तिवाद करता येतो. शिवाय वर्षभरात किती डिटेनर आले आणि किती मानले, हा तक्ता तुरुंगाकडे तयार असेल तर त्यात कोणा एकाची माहिती नसतेच. अशा नकाराला उत्तर देताना नियमातले शब्द जसेच्या तसे उद्धृत करा आणि तयार तक्ता मागा.

तरीही अडलं तर दोन वाटा आहेत. गव्हर्न्मेंट रेकॉर्ड्स कौन्सिल या ओप्राच्या तक्रारी ऐकणाऱ्या राज्याच्या मंडळाकडे तक्रार, जी वकिलाशिवाय करता येते पण निकाल सावकाश लागतो. किंवा सुपीरियर कोर्ट, जिथे नकारापासून ४५ दिवसांत जावं लागतं. २०२४ नंतर जिंकलं तरी वकिलाचा खर्च समोरच्याकडून मिळेलच असं नाही. खात्याने अवास्तव नकार दिला, वाईट हेतूने वागलं किंवा जाणूनबुजून कायदा मोडला हे दाखवलं तरच तो हमखास मिळतो, एरवी ते न्यायालयाच्या मर्जीवर. म्हणून कोर्टात जायच्या आधी पारदर्शकतेवर काम करणाऱ्या वकिलाचा सल्ला घ्या. ४५ दिवसांचा आकडा कॅलेंडरवर नकाराच्या दिवशीच लिहा.

केंद्राकडचा अर्ज समांतर टाकून ठेवावा. आइसच्या नेवार्क कार्यालयाने तुमच्या काउंटीला पाठवलेल्या डिटेनरांची नावाशिवायची यादी मागता येते. कायद्यात २० कामकाजाचे दिवस आहेत, प्रत्यक्षात महिने लागतात, आणि नकारावर ९० दिवसांत अपील करता येतं. सिरॅक्यूज विद्यापीठात सुरू झालेल्या ‘ट्रॅक’ या प्रकल्पाने अशाच अर्जांतून डिटेनरांची काउंटीवार आकडेवारी मिळवली आहे. आधी तिथे बघा, अर्धं काम झालेलं असू शकतं.

दुसऱ्या राज्यांत

कॅलिफोर्नियात पहिल्या उत्तराला १० दिवस, वर १४ दिवसांची वाढ. तिथला २०१७ पासूनचा ‘ट्रुथ ॲक्ट’ फार उपयोगाचा आहे: स्थानिक खात्याने आइसला तुरुंगातल्या माणसांपर्यंत पोहोचू दिलं, तर त्याबाबतच्या नोंदी सार्वजनिक मानल्या जातात, आणि वर्षभरात तसं घडलं असेल तर काउंटीला किंवा शहराला जाहीर सभा घ्यावी लागते. बे एरियातल्या मंडळींनी त्या सभेची तारीख आधीच विचारून ठेवावी.

टेक्सासमध्ये माहिती रोखायची असेल तर खात्यालाच १० कामकाजाच्या दिवसांत राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे परवानगी मागावी लागते, आणि तुम्हाला तिथे लेखी म्हणणं मांडता येतं. इलिनॉयमध्ये मुदत ५ कामकाजाचे दिवस, आणि नकार आल्यास ६० दिवसांत पब्लिक ॲक्सेस कौन्सेलरकडे जाता येतं. पेन्सिल्व्हेनियात ५ कामकाजाचे दिवस, ३० दिवसांची वाढ, मग ऑफिस ऑफ ओपन रेकॉर्ड्स. जॉर्जियात ३ कामकाजाचे दिवस. व्हर्जिनियात मात्र अर्ज राज्याच्या नागरिकांपुरता आहे आणि सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये तो निर्बंध वैध ठरवला, तेव्हा तिथल्याच माणसाच्या नावाने अर्ज जायला हवा.

जॉर्जिया, टेक्सास, फ्लोरिडा या राज्यांत आइसशी सहकार्य कायद्यानेच अपेक्षित किंवा सक्तीचं आहे. तिथे ‘सहकार्य करता का’ शोधण्यात वेळ घालवू नका. करार कोणत्या प्रकारचा, किती अधिकारी प्रशिक्षित, किती लोकांना साध्या वाहतूक गुन्ह्यावरून अडवलं, किती खर्च झाला, हे मागा.

कागद आल्यावर

पहिल्यांदा तारखा आणि वेळा एका तक्त्यात मांडा: अटक, डिटेनर आल्याची वेळ, जामीन किंवा सुटकेचा आदेश, प्रत्यक्ष सुटका. शेवटच्या दोन वेळांमधलं अंतर हाच बघायचा मुद्दा. ते रात्री ११:५९ च्या पलीकडे गेलं असेल, किंवा गुन्हा अपवादात बसत नसताना सुटकेची खबर दिली असेल, तर लगेच आरोप करू नका. वार्षिक अहवालात ती घटना नोंदवली आहे का ते बघा. अहवालात शून्य आणि सीएडी नोंदीत तीन वेळा ‘आइसला मदत’ असेल, तर विचारायचा प्रश्न तयार झाला.

तो प्रश्न टाउनशिप कौन्सिलच्या सभेत विचारा. न्यू जर्सीत म्युनिसिपल सभांमध्ये जनतेला बोलायला वेळ राखून ठेवावाच लागतो. कागदाची तारीख, क्रमांक आणि आदेशाचं कलम सांगा आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवायला सांगा. ‘मदत’ म्हणून लिहिलेली नोंद कधी कधी फक्त गर्दी आवरण्यासाठी किंवा रस्ता मोकळा करण्यासाठी गेलेल्या गाडीची असते, हे आधी पोलिसांकडून समजून घेतलंत तर सभेत तुमच्या बोलण्याला वजन राहतं.

मिळालेले कागद ग्रुपवर टाकण्याआधी प्रत्येक पान स्वतः तपासा. खोडायचं राहून गेलेलं नाव, जन्मतारीख, पत्ता दिसला तर तुम्ही खोडा. पीडीएफमध्ये नुसती काळी पट्टी लावली तर खालचा मजकूर कॉपी करून वाचता येतो, म्हणून पान छापून, काळं करून, पुन्हा स्कॅन करा. मग पुढचा अर्ज लिहायला घ्या. पहिल्या कागदांत आलेले फॉर्मचे क्रमांक, नियमांची शीर्षकं, टास्क फोर्सची नावं आता तुमच्याकडे आहेत, आणि तेवढ्या नेमक्या शब्दांत मागितलेली नोंद ‘ओळखता येत नाही’ असं कोणाला म्हणता येत नाही.